सात बोटं वाढलेली पोरं

उंबरटेक गावात हैबती नावाचा एक गवळी होता. त्याच्याकडे सात गाई होत्या, बत्तीस घरांचा रतीब होता आणि एक खोड होती. त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही. कुणी म्हटलं, हैबती, उद्या पाहुणे आहेत, लिटरभर जास्त घाल, की हा घालणार. कुणी म्हटलं, हैबती, आमच्या दारातून जाताना एवढी पिशवी बहिणीकडे टाक, की हा चार मैल वाकडा जाणार. एकदा एका वाटसरूने त्याला विचारलं, तुम्हीच इथले तलाठी का, तर याच्या तोंडून 'हो' निघून गेलं आणि संध्याकाळपर्यंत बिचारा त्याचा सातबारा शोधत हिंडत होता, असं गाव सांगतं. गाव बरंच काही सांगतं.

दूध मात्र चोख. त्यात पाण्याचा थेंब नाही. आईच्या अंगावरचं सुटलं की उंबरटेकच्या पोराच्या तोंडाला पहिलं लागायचं ते हैबतीच्या गाईचं दूध. म्हाताऱ्या माणसांना उंबऱ्यावर बसून त्याची वाट बघायची सवय होती. हैबतीला या गोष्टीचा फार अभिमान होता. आपण मेलो तरी चालेल, पण या पोरांच्या तोंडचा पेला आपल्या हातून जाऊ नये, असं त्याला मनापासून वाटायचं.

मग टेकाडाच्या पलीकडे आठ नवी घरं झाली. त्यांनीही रतीब मागितला. हैबतीने हो म्हटलं. एवढं दूध आणायचं कुठून, हे त्याला हो म्हणून झाल्यावर सुचलं.

त्याच सुमारास बाजारगावाहून मोटारसायकलवर एक सुईवाला आला. त्याने सांगितलं की दूध वाढवणारा एक रस गाईच्या अंगात मुळातच असतो, आपण बाहेरून त्यात थोडी भर घालायची, बस. पंधरा दिवसांतून एकदा कातडीखाली टोचायचं. गुरांच्या डॉक्टरांना विचारायला हवं का, असं हैबतीने चाचरत विचारलं. सुईवाला म्हणाला, कशाला त्यांना त्रास. हैबती यालाही हो म्हणाला.

पहिली सुई चांदणीला दिली. चांदणी आठ लिटरची गाय. पंधरवड्यात ती अकरावर गेली. गाव सोळा सांगतं. हैबती तंबाखू मळायला बसला आणि मळून होईस्तोवर चरवी भरून सांडली, असंही सांगतं. गोठ्यातली मांजरं सांडलेलं पिऊन इतकी जड झाली म्हणे, की उंदीर येऊन त्यांच्या तब्येतीची चौकशी करून जायचे. खरं दूध तेवढं अकरा लिटर. पण आठ नवी घरं भागली, आणि हैबतीला वाटलं, झालं, कुणालाच नाही म्हणावं लागलं नाही.

तिसऱ्या महिन्यात चांदणीची कास सुजली. एक सड दगडासारखा कडक झाला. हात लावला की ती पाय झाडायची. दुधात गुठळ्या येऊ लागल्या. हैबतीने पुन्हा त्या सुईवाल्यालाच गाठलं. त्याने सडात सोडायचं एक औषध दिलं आणि बजावलं की हे औषध संपल्यावर पुढचे चार दिवस या गाईचं दूध कुणाला घालू नकोस, ओतून दे, औषध दुधात उतरतं.

औषध संपलं, गुठळ्या गेल्या. दूध पुन्हा स्वच्छ दिसू लागलं. हैबतीने पहिल्या दिवशी ते उकिरड्यावर ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. त्या दोन दिवसांत त्याला सहा घरी अर्धंच दूध घालावं लागलं, आणि सहाही घरांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी त्याने चांदणीचं दूध निवळशंख दिसतंय, वासही नाही, असं स्वतःशी म्हणत बाकीच्या गाईंच्या दुधात मिसळलं.

त्याची बायको कौसाबाई चुलीपाशी बसली होती. तिने सगळं पाहिलं. तिने फक्त विचारलं, "आपल्या चहाला कुठल्या कळशीतलं घेऊ?"

हैबतीने बोटाने दुसरी, चांदणीचं दूध न घातलेली कळशी दाखवली.

चौथ्या दिवशीही तसंच झालं. पाचव्या दिवसापासून दूध खरोखरच चांगलं होतं. हैबतीने ती गोष्ट मनातून काढून टाकली. म्हणजे काढायचा प्रयत्न केला.

आता उंबरटेकची एक रीत सांगायला हवी. मारुतीच्या देवळात, सभामंडपात सागवानी खांब आहे. दर दसऱ्याला गावातलं प्रत्येक पोर त्या खांबाला पाठ लावून उभं राहतं. केरबा गुरव त्याच्या डोक्यावर लाकडी पट्टी टेकवतो आणि खांबावर खिळ्याने रेघ ओढतो. मागच्या वर्षीच्या रेघेपासून ते किती बोटं वर गेलं ते मोठ्याने सांगतो. आई त्या रेघेला हळदकुंकू लावते. ही रेघ दरसाल ओढतात, आणि शेवटची ओढतात ती लग्नाच्या वर्षी. शाळेत उंची मोजायची पट्टी आहे, पण ती पट्टी बाहेरची. उंबरटेकला खरा तो केरबाचा खांब. साधारण पोर वर्षाला तीन बोटं वाढतं, एवढं गावाला पाठ होतं.

त्या दसऱ्याला पहिलं पोर उभं राहिलं. केरबाने बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाला, सात. दुसरं पोर, सात. तिसरं साडेसहा. मग कुणी सात, कुणी आठ. हळदकुंकवाच्या वाट्या बायांच्या हातातच राहिल्या.

सुईवाला आपली करामत चहाच्या टपरीवर सांगून गेलेलाच होता. गावाने दोन गोष्टी एकाला एक लावल्या. संध्याकाळपर्यंत उंबरटेकमध्ये काय काय घडलं होतं म्हणून सांगावं. कुणाच्या पोराचा सदरा आठवड्यात आखूड झाला होता. (तो पहिल्यांदाच गरम पाण्यात धुतला होता, पण हे कोण सांगणार.) कुणाच्या नातवाची हाडं झोपेत वाढतात आणि त्याचा कडकड आवाज माजघरात ऐकू येतो. कुणाच्या आठ वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटलं, ते दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर गेलं. हैबतीच्या गोठ्याशेजारचा शेवगासुद्धा नको तेवढा वाढलाय, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

या सगळ्यांत आघाडीला होती ठकूआत्या. तिची नात सहा वर्षांची, आणि ठकूआत्याच्या जिभेला गावात कुणी तोंड देत नसे. ती घरोघर सांगत फिरली की आपली पोरं आता ताडासारखी होणार, आणि ताडाएवढ्या पोरींना नवरे कुठून आणायचे.

दुसऱ्या दिवशी हैबती कळश्या घेऊन निघाला. पहिल्या घरी पातेलं उंबऱ्यावर पालथं घातलेलं होतं. दुसऱ्या घरीही तसंच. उंबरटेकमध्ये रतीब बंद करायचा तर भांडण करत नाहीत, पातेलं पालथं घालतात. बत्तीस घरं झाली, आठ नवी झाली. हैबती भरल्या कळश्या घेऊन घरी परत आला. त्याने त्या ओट्यावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसला. कौसाबाईने त्याला जेवायला हाक मारली नाही. तो येणार नाही हे तिला माहीत होतं.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी केरबा म्हणाला, असं अंधारात किती दिवस चालायचं, कुणी जाणता माणूस बोलावू या. मग तालुक्याहून गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं आडनाव नाईकनवरे. बुटक्या, चष्मा नाकावर, आणि समोरचा कितीही ओरडला तरी आवाज तेवढाच. त्यांनी आधी हैबतीचा गोठा पाहिला, सुईची रिकामी बाटली पाहिली. कासेचं दुखणं तोवर बरं झालं होतं, त्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मग त्या देवळात येऊन बसल्या. सगळं गाव जमलं. हैबती मागे, दाराशी उभा होता.

बाईंनी पहिल्यांदा हैबतीलाच धरलं. डॉक्टरला न विचारता गाईला सुई टोचलीच कशी, म्हणून त्याला चारचौघांत चांगलं सुनावलं. गावाला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, आता काय विचारायचं ते विचारा.

ठकूआत्या म्हणाली, "माझी नात केवढी होणार, तेवढं सांगा म्हणजे दार तेवढं उंच करून घेते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की सुईतल्या त्या रसाला हार्मोन म्हणतात, आणि तो गाईचा आहे, गाईसाठी आहे. सुई न देता काढलेल्या दुधातही तो थोडा असतोच, तुमच्या आजोबांनीही तो प्यालेला आहे. पोर दूध पितं तेव्हा तो पोटात जाऊन डाळीसारखा पचतो. आपण पोराच्या दंडात सुई टोचत नाही. त्याने पोरं उंच होतात असं आजवर कुणी दाखवलेलं नाही.

"म्हणजे काहीच धोका नाही?" मागून कुणी विचारलं.

"तसंही मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. सुई दिलेल्या गाईच्या दुधात वाढीशी संबंधित आणखी एक पदार्थ थोडा जास्त आढळतो. वर्षानुवर्षं प्यायल्यावर त्याने काही होतं का, यावर शिकलेली माणसंही अजून वाद घालतात. बाई म्हणाल्या, "मला जे माहीत आहे ते माहीत आहे म्हणून सांगते. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून सांगते. तुम्हाला विष म्हणून हवं असेल किंवा अमृत म्हणून हवं असेल, तर दुसरं कुणी बोलवा."

गावाला हे उत्तर फारसं आवडलं नाही. गावाला एका शब्दात हवं होतं. ठकूआत्याने खांबाकडे हात केला. मग ही सात बोटं कुठून आली?

बाईंनी उलट विचारलं, हैबतीचं दूध पीत नाही असं एखादं पोर आहे का. शोधाशोध झाली. गेनू धनगराचा मुलगा निघाला. त्याच्या घरी शेळ्या, गाईचं दूध त्याने जन्मात प्यायलं नव्हतं. त्याची रेघ पाहिली. सात बोटं.

बाईंनी खांब वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग केरबाला म्हणाल्या, तुमची रेघ आहे का खांबावर. होती ना, चौतीस वर्षांपूर्वीची, लग्नाच्या वर्षीची. बाईंनी केरबालाच खांबाला उभं केलं, त्याचीच पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली.

केरबा चार बोटं वाढला होता. वय वर्षं छप्पन्न. पितो तो कोरा चहा.

मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि गेनू म्हणाला, केरबाला आता दुसरी बायको उंच बघावी लागेल. बाई खाली वाकल्या. खांबाच्या पायथ्याशी एक हत्ती कोरलेला आहे. त्याचे पाय दिसत नव्हते, पोटापासून वरचा हत्ती फरशीवर बसल्यासारखा दिसत होता. श्रावणात गावाने वर्गणी काढून मंडपात मुरूम टाकला होता आणि वर शहाबादी फरशी बसवली होती. जमीन चार बोटं वर आली होती. पोरं वाढली होती तीनच बोटं, दरवर्षीसारखी. हत्ती बसलेला सगळ्यांनी पाहिला होता. कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. देवळातला हत्ती, दमला असेल.

मग गावाची जी पंचाईत झाली ती सांगायला नको. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला, पहिल्यांदा कोण म्हणालं होतं म्हणून. ठकूआत्याने पदर सारखा केला, दाराशी गेली आणि हैबतीच्या समोर उभी राहिली. ती म्हणाली, चुकलं आमचं, उद्यापासून माझ्याकडे शेरभर जास्त घाल. केरबाने मारुतीपुढचा नारळ आणून हैबतीच्या हातात दिला. कुणी त्याला ओढून पुढे बसवलं. पाच दिवस तोंड फिरवून गेलेली माणसं त्याच्या पाठीवर थापा मारू लागली.

बाई पिशवी आवरत होत्या. आवरता आवरता म्हणाल्या, "मला या सुईची काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. गाय नको तेवढी ताणली की कास सुजायचा संभव वाढतो. कास सुजली की औषध आलं. औषध दिलं की काही दिवस दूध टाकायला हवं. माणसं तिथे चुकतात. इथे कुणी काही म्हणालं नाही, म्हणजे ते पाळलं असेल."

"पाळलंच असणार," ठकूआत्या म्हणाली. "आमचा हैबती आहे तो."

आजूबाजूला माना डोलल्या.

हैबतीच्या हातात नारळ होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्याला वाटून गेलं. उद्या चाळीस पातेली सरळ होणार होती. त्या दोन दिवसांच्या दुधाने कुणाला काही झालेलं दिसत नव्हतं. बाई पिशवी खांद्याला लावून उठल्यासुद्धा. आणि हैबतीला तर जन्मभर फक्त होकारच जमला होता. समोरचं सगळं गाव त्याच्याकडून तेवढाच एक होकार मागत होतं, तोही न बोलता.

"पाळलं नाही," हैबती म्हणाला.

बाई थांबल्या.

मग त्याने सगळं सांगितलं. कास कधी सुजली, औषध कुठलं आणलं, चार दिवस दूध टाकायला सांगितलं होतं ते. दोन दिवस ओतलं, दोन दिवस रतिबात मिसळलं. सांगता सांगता तो अडखळला. एवढंच सांगून थांबता आलं असतं, पण तो थांबला नाही. खाली बघून म्हणाला, "त्या दोन दिवसांत माझ्या घरचा चहा मात्र दुसऱ्या कळशीतला केला."

हे वाक्य गावाला सर्वांत जास्त लागलं. पाठीवरचे हात एकेक करून निघून गेले. ठकूआत्याने नातीला कडेवर घेतलं आणि ती देवळाबाहेर गेली.

बाईंनी हेही वाढवून सांगितलं नाही आणि कमी करूनही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, सात गाईंच्या दुधात एका गाईचं मिसळलं, बहुतेकांना काही झालं नसेल. ज्याला त्या औषधाचं वावडं आहे त्याच्या अंगावर पित्त उठू शकतं, कधी त्याहून जास्तही होतं. आणि प्रत्येक गवळ्याने असंच केलं, तर पुढे खऱ्या दुखण्याला ती औषधं लागू पडेनाशी होतात. ही गोष्ट वादातली नाही, ही माहीत असलेली आहे. मग त्या बसच्या वेळेला निघून गेल्या.

सुई बंद झाली. चांदणी आठावर आली, मग सहावर. तिचा एक सड कायमचा गेला. अकरा घरांनी रतीब परत लावला नाही, आणि ठकूआत्याचं घर त्यातलं एक होतं. टेकाडापलीकडच्या आठ घरांना हैबतीने स्वतः जाऊन सांगितलं, माझ्याकडे तेवढं दूध नाही. असं म्हणताना त्याच्या तोंडाला कोरड पडली, आणि घरी येऊन त्याने तांब्याभर पाणी प्यायलं. गाव म्हणतं तांब्याभर नव्हे, आड निम्मा केला.

तेव्हापासून एखादी गाय औषधावर असली की हैबती पहिल्याच घरी आवाज देतो, आज अमकीचं दूध नाही, अजून तीन दिवस नाही. लोक अर्धं दूध घेतात. तोंड वाकडं करणारे करतात.

एकदा केरबा त्याच्या ओट्यावर बसला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "हैबती, त्या दिवशी गावाने तुला सोडलं होतं. नारळसुद्धा दिला होता. कुणाला काही ठाऊक नव्हतं. तू बोललास कशाला?"

हैबती वैरण टाकत होता. टाकून झाल्यावर म्हणाला, "गाव मला ज्यातून सोडत होतं, ते मी केलंच नव्हतं. जे केलं होतं, ते गावाला ठाऊकच नव्हतं. मग केरबा, मी सुटलो होतो कशातून?"

केरबा उठला आणि उरलेली पेंढी त्याने चांदणीपुढे टाकली.

तात्पर्य एवढंच: न केलेल्या दोषातून लोकांनी सोडलं म्हणून केलेला दोष फिटत नाही, तो आपल्याच तोंडाने सांगावा लागतो, आणि दुधाबद्दलची भीती असो की भरवसा, दोन्ही नीट मोजल्याशिवाय घशाखाली उतरवू नयेत.